पाठ किती वाचला गेला, एवढंच मोजायचं असेल तर

वाचकाचं पत्र

मी मराठीची निवृत्त शिक्षिका. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी व्याकरणाची छोटी वेबसाइट चालवते. समास, प्रयोग, वृत्तं, अलंकार आणि सरावासाठी पीडीएफ असं त्यावर आहे. वर्डप्रेसवरची ही साइट भाच्याने करून दिली आणि किती जण वाचतात ते कळावं म्हणून मोजणीचं एक मोफत साधनही त्यानेच बसवलं. पण तो डॅशबोर्ड उघडला की मला दडपण येतं. इव्हेंट, एंगेजमेंट, वाचकांचं वय, त्यांच्या आवडीनिवडी असं काय काय त्यात असतं. मला फक्त कोणता पाठ किती वाचला जातो ते हवं आहे. त्यात मागच्या महिन्यात एका पालकांनी विचारलं, “बाई, तुमच्या साइटवर आमच्या मुलीचा माग काढला जातो का?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

साधं, पेन्शनमध्ये परवडणारं आणि मुलांच्या वाटेला न जाणारं साधन कोणतं? कुकीची पाटी लावावी लागेल का? आणि पानाच्या तळाशी ‘इतक्या वेळा वाचलं गेलं’ असा आकडा लावायची माझी फार इच्छा आहे. लावू का?

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

नमस्कार बाई,

त्या पालकांनी योग्य तेच विचारलं, आणि तुम्ही तो प्रश्न मनाला लावून घेतलात याचा मला आनंद आहे. भाच्याने कोणतं साधन बसवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण नावावर काही अडत नाही. वाचकाचं वय आणि आवडीनिवडी दाखवणारं साधन तुमच्या कामाचं नाही, हे त्याच्या डॅशबोर्डवरूनच कळतं.

नेमकं काय घडतं ते आधी सांगते, म्हणजे पालकांशी बोलताना तुम्हाला कुणाच्या आधाराची गरज पडणार नाही. मुलीने मोबाइलवर समासाचं पान उघडलं की तिचा ब्राउझर तुमच्या होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या भाड्याच्या जागेच्या, सर्व्हरकडे ते पान मागतो. मागताना तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तिची जोडणी ओळखणारा क्रमांक), हवं असलेलं पान आणि ब्राउझरचा प्रकार आपोआप पोचतो. ती कोणत्या साइटवरून आली हेही बरेचदा कळतं. सर्व्हर वेळेसह एकेक ओळ फाइलीत लिहून ठेवतो, त्या फाइलीला लॉग म्हणतात. इथपर्यंत कुणी कुणाच्या मागे गेलेलं नाही.

माग सुरू होतो तो ओळख लक्षात ठेवण्यापासून. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी तयार केली, ती ऑनलाइन खरेदीत टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात म्हणून. ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी, एवढंच तिचं रूप. पुढे त्याच चिठ्ठीवर क्रमांक टाकून माणूस ओळखायला सुरुवात झाली. गूगल अ‍ॅनालिटिक्स या गूगलच्या मोजणीच्या साधनाची मुख्य कुकी घ्या. साइट चालवणाऱ्याने सेटिंग बदललं नाही तर तिची मुदत दोन वर्षांची असते. म्हणजे आठवीत समास वाचून गेलेली मुलगी नववीत त्याच फोनवरून अलंकार वाचायला आली, तर ‘ही तीच’ हे साधनाला कळू शकतं. दुकान चालवणाऱ्याला त्याचा उपयोग असेल. तुम्हाला काय करायचं आहे त्याचं?

तुम्ही इतकी वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट ४२, हजर ३८’ असं लिहीत आलात. शाळा सुटल्यावर कोण कुठल्या दुकानात थांबलं आणि कुणाच्या घरी गेलं, ते पाहायला तुम्ही मुलांच्या मागे गेला नाहीत. साधन निवडताना हीच कसोटी लावा. फळ्याच्या कोपऱ्यात मावेल एवढंच सांगणारं साधन हवं. त्यात नावं नकोत, आणि हजेरीपटही नको.

तुमच्या बाबतीत यामागे कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. त्याचं नववं कलम मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शिक्षणसंस्थांना त्यात काही मर्यादित सूट आहे, पण एकट्या व्यक्तीने चालवलेली साइट त्या सुटीत बसते का, या वादात तुम्ही पडूच नये असं मला वाटतं. तुमचे जवळजवळ सगळे वाचक १८ च्या आतले आहेत. माग काढणारं काही पानावर ठेवलंच नाही, तर तो प्रश्न तुमच्यापुरता उरतच नाही.

अशी साधी साधनं गेल्या काही वर्षांतच पुढे आली, आणि त्याला मोठं कारण युरोप. वैयक्तिक माहिती अमेरिकेत पाठवण्याची तेव्हाची व्यवस्था युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०२० मध्ये रद्द ठरवली. त्यानंतर २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी, तक्रारी आलेल्या साइटवरचा गूगल अ‍ॅनालिटिक्सचा वापर नियमांत बसत नसल्याचं सांगितलं. पुढे २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपमध्ये नवी व्यवस्था झाली, पण तोवर पुष्कळ छोट्या साइटवाल्यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला होता की एवढी माहिती आपल्याला हवी आहे कशाला? प्लॉझिबल, फॅदम, सिंपल अ‍ॅनालिटिक्स, गोटकाउंटर, उमामी ही २०१८ ते २०२० च्या सुमारास निघालेली साधनं त्या प्रश्नाला धरूनच वाढली.

आता तुमच्यासाठी काय.

नवं काही बसवण्याआधी होस्टिंगचं नियंत्रण पॅनल उघडा. ते सीपॅनल नावाचं असेल तर त्यात बहुधा ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ नावाचं चिन्ह सापडेल. हे जुनं साधन सर्व्हरच्या लॉगमधून आकडे काढतं, तुमच्या पानावर एक अक्षरही बसवावं लागत नाही. त्याचा मोठा दोष असा की बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, पुष्कळदा माणसांत मोजले जातात आणि आकडा फुगतो. म्हणून त्यातल्या ‘भेटी’ या रकान्यावर विसंबू नका. पण एका गोष्टीसाठी ते तुमच्या फार कामाचं आहे. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून तुमची पीडीएफ थेट उघडली, तर पानावर बसवलेल्या साधनाला ते कळत नाही, कारण पीडीएफमध्ये त्याचा कोड चालत नाही. लॉगमध्ये मात्र नोंद होते. तुमच्या सरावपत्रिकांचा अंदाज तिथूनच घ्या.

पाठांच्या मोजणीसाठी माझी पसंती कोको अ‍ॅनालिटिक्सला. ते वर्डप्रेसचं मोफत प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम आहे, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि आकडे तुमच्याच होस्टिंगवरच्या डेटाबेसमध्ये राहतात. तिसऱ्या कुणाकडे काही जात नाही. एकाच पानावर दिवसवार आलेख दिसतो, खाली कोणता लेख किती वेळा पाहिला गेला आणि वाचक कुठल्या साइटवरून आले त्याची यादी. बसवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन कुकीशिवाय मोजण्याचा पर्याय निवडा. लॉगिन केलेल्या माणसाच्या भेटी वगळण्याचा पर्यायही लगेच चालू करा. शुद्धलेखन तपासायला तुम्ही स्वतः एकेक पान दिवसातून कितीदा उघडत असाल, आणि छोट्या साइटवर तेवढ्यानेही आकडे वाकडे होतात.

पुढे वर्डप्रेस सोडलंत तर गोटकाउंटर घ्या. बिगरव्यावसायिक वापराला ते मोफत आहे, कुकी ठेवत नाही, आणि त्याचा डॅशबोर्ड दोन मिनिटांत समजतो. देश, पडद्याचा आकार अशा नको असलेल्या नोंदी सेटिंगमधून बंद करता येतात. प्लॉझिबल देखणं आणि भरवशाचं आहे, पण त्यांच्या सर्व्हरवर वापरायचं तर डॉलरमधली वर्गणी दर महिन्याला भरावी लागते, आणि पेन्शनमधून ती भरण्याची तुम्हाला गरज नाही. माटोमो हे २००७ मध्ये पिविक नावाने सुरू झालेलं जुनंजाणतं साधन. तुमच्या होस्टिंगवर ते बसेलही, पण डेटाबेस वाढत जातो, अद्ययावत करत राहावं लागतं, आणि पुन्हा डॅशबोर्ड मोठा. दर वेळी भाच्याला फोन करावा लागला तर साधेपणा राहिला कुठे?

आकडे वाचायच्या आधी एक नीट समजून घ्या. कुकी नसताना ही साधनं वाचक कसे मोजतात? प्लॉझिबलचं उदाहरण घेऊ. आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार, साइटचं नाव आणि रोज बदलणारी एक गुप्त संख्या एकत्र करून त्यातून एक निरर्थक वाटणारी अक्षरमाळ बनवली जाते. दुसऱ्या दिवशी ती गुप्त संख्या पुसली जाते, त्यामुळे कालची मुलगी आज पुन्हा आली तर ती नवीच धरली जाते. खासगीपणा जपण्याची ही किंमत आहे, आणि मला ती योग्य वाटते. मात्र ‘या महिन्यात ९०० वाचक’ याचा अर्थ ९०० वेगवेगळी मुलं असा घेऊ नका. रोजचे वाचक मिळवून आलेली ती बेरीज आहे.

उलट बाजूनेही चुकतं. एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात सरांनी तुमचं प्रयोगाचं पान एका वेळी तीस मुलांना उघडायला लावलं, तर बाहेरून सगळ्यांचा आयपी पत्ता एकच दिसतो आणि संगणकही सारखेच असतात. साधनाला तिथे एकच वाचक दिसेल, तीस नाहीत. मोबाइल कंपन्याही बरेचदा अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात. आणि घरात एकच फोन असेल तर त्यावर बहीणभाऊ आळीपाळीने वाचतात, ते कुठलंच साधन ओळखू शकत नाही. म्हणून ‘वाचक’ हा रकाना बाजूला ठेवा आणि ‘पान किती वेळा उघडलं’ तेवढंच पाहा. तुमचा प्रश्नही तोच होता.

पानावर किती वेळ थांबले, या आकड्याच्याही नादी लागू नका. ज्याला कर्मणी प्रयोगाचं एक उदाहरण हवं होतं तो अर्ध्या मिनिटात ते पाहून गेला, तर त्याचं काम झालं. तुलना करायची तर या फेब्रुवारीची मागच्या फेब्रुवारीशी करा. परीक्षा जवळ आली की आकडे चढतील, मे महिन्यात पार खाली येतील. त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल.

तुमच्याकडे येणारी बरीच मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून येत असणार. ती मोजणीत ‘थेट आलेले’ म्हणून दिसतात, कारण व्हॉट्सअ‍ॅपमधून येताना मागचा पत्ता सोबत येत नाही. शिक्षकांच्या गटात किती उपयोग झाला आणि पालकांच्या गटात किती, हे जाणून घ्यायचं असेल तर लिंकच्या शेवटी एक खूण जोडता येते, तिला यूटीएम म्हणतात. भाच्याकडून एकदा शिकून घ्या. पण खूण गटाला लावा, माणसाला नको. प्रत्येक पालकाला वेगळी खूण असलेली लिंक पाठवली, की आपण फळ्याचा कोपरा सोडून पुन्हा कुणाच्या तरी मागे निघालो.

मुलं काय शोधत तुमच्याकडे येतात, हे मला आकड्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि ते गूगल सर्च कन्सोलमध्ये दिसतं. हे मोफत आहे आणि त्यासाठी पानावर माग काढणारा कुठलाही कोड बसवावा लागत नाही, साइट तुमची असल्याची खात्री एकदा पटवून द्यावी लागते. कोणते शब्द शोधताना तुमचं पान समोर आलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे १६ महिन्यांपर्यंतचं पाहता येतं. कुणी शोधलं ते दिसत नाही, आणि फार थोड्यांनी शोधलेले शब्द गूगल दाखवतही नाही. ‘बहुव्रीही समास ओळखण्याची युक्ती’ असं मुलं शोधत असतील आणि तुमच्या पाठात युक्तीच दिलेली नसेल, तर पुढचा पाठ काय लिहायचा ते तिथेच कळतं.

आता साफसफाई. जुन्या साधनातले वर्षावर्षाचे आकडे आधी एका एक्सेल फाइलीत उतरवून घ्या, मग भाच्याकडून त्याचा कोड काढून टाका आणि खात्यातली माहितीही पुसायला सांगा. पण तेवढ्याने भागत नाही. पाठात यूट्यूबचा व्हिडिओ बसवलेला असेल, तर तो त्याच्या कुकी घेऊन येतो. त्याऐवजी साधी लिंक द्या, किंवा बसवायचाच तर यूट्यूबचा वाढीव गोपनीयतेचा पर्याय निवडून बसवा. शेअर करायची तयार बटणंही काढा, लिंक कशी पाठवायची ते मुलांना तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि फॉन्ट. देवनागरी अक्षरं छान दिसावीत म्हणून बऱ्याच मराठी साइट गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट मागवतात, आणि प्रत्येक वाचकाचा आयपी पत्ता तिकडे पोचतो. म्युनिकच्या एका न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी एका साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. ते जर्मनीतलं प्रकरण, तुम्हाला त्याची भीती नाही. पण उपाय इतका सोपा आहे की करूनच टाका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. ते उतरवून तुमच्याच होस्टिंगवर ठेवता येतात, आणि पानही लवकर उघडतं.

काम झालं की स्वतः तपासा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यात तुमची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा आणि कुकी व साइटचा डेटा हा भाग पाहा. यादी रिकामी दिसायला हवी. एखादं अनोळखी नाव दिसलं तर ते कुठून आलं ते भाच्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.

यादी रिकामी असेल तर कुकीची पाटी लावायची गरज नाही. अशी परवानगी मागणारी पाटी ज्यामुळे आली, तो युरोपातला नियम वाचकाच्या यंत्रावर काही ठेवण्याबद्दल किंवा तिथून काही वाचण्याबद्दल आहे. जिथे ठेवतच नाही, तिथे परवानगी कशाची मागणार? पाटीऐवजी वेबसाइटवर एक छोटं निवेदन मराठीत ठेवा आणि तेच त्या पालकांनाही पाठवा. मी असं लिहीन:

“या वेबसाइटवर कोणता पाठ किती वेळा उघडला गेला, एवढंच मोजलं जातं. त्यासाठी तुमच्या मोबाइलवर कुकी ठेवली जात नाही. नाव, वय किंवा फोन नंबर विचारला जात नाही. मोजणीचे आकडे कोणत्याही जाहिरात कंपनीला दिले जात नाहीत. वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे, त्याच्या तांत्रिक नोंदीत आयपी पत्ता काही दिवस राहतो आणि नंतर पुसला जातो. काही शंका असेल तर मला जरूर विचारा.”

त्यातलं ‘काही दिवस’ म्हणजे नेमके किती, ते होस्टिंगवाल्यांना विचारून आकडा घाला. लॉग साठवून ठेवण्याचा पर्याय पॅनलमध्ये चालू असेल तर बंद करा, नाहीतर शेवटून दुसरं वाक्य खोटं ठरेल. आणि पाठाखाली अभिप्रायाची चौकट असेल तर तीही बंद करावी असं मी सुचवेन. वर्डप्रेस तिथे नाव आणि ईमेल मागतं, आयपी पत्ताही साठवतं, आणि मुलं भाबडेपणाने शाळेचं नाव, तुकडी, सगळं लिहून जातात.

राहिला तळाचा आकडा. तो जरूर लावा, फक्त कुठल्याशा साइटवरून मिळणारा फुकटचा ‘व्हिजिटर काउंटर’ आणून चिकटवू नका. तो आकडा त्यांच्या सर्व्हरवरून येतो आणि तुमचे वाचकही त्यांना दिसतात. कोको अ‍ॅनालिटिक्समध्ये यासाठी शॉर्टकोड, म्हणजे चौकटी कंसातला एक छोटा शब्द मिळतो, तो पानावर टाकला की तुमच्याच डेटाबेसमधला आकडा तिथे उमटतो. मी तो साइटच्या तळाशी एकदाच न लावता प्रत्येक पाठाखाली लावेन: ‘हा पाठ आजवर इतक्या वेळा उघडला गेला.’ मोजणी नव्याने सुरू होईल, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आकडा दोनअंकी असेल. तरी तो तसाच राहू द्या, जुनी बेरीज त्यात मिसळू नका.